रायफल चुकतेय की नेमबाज? नेम बिघडल्यावर 'डीबगिंग' कसं करायचं

"दादा, माझी रायफल खोटं बोलतेय, नाहीतर मी तरी खोटं बोलतेय." दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझ्या मामेबहिणीने शनिवार पेठेतल्या आमच्या घरी येऊन हे वाक्य टाकलं आणि रायफलची लांबलचक पेटी सोफ्यावर आडवी ठेवली. ती अकरावीत आहे आणि तीन वर्षं १० मीटर एअर रायफल खेळते. ६० शॉट्सच्या मॅचमध्ये तिचा स्कोअर ६१५ च्या आसपास असायचा. गेल्या दीड महिन्यात तो ६०४-६०५ वर आला होता. राज्य स्पर्धा पाच आठवड्यांवर होती.

घरात दोन तट पडले होते. तिच्या सरांचं म्हणणं, "विश्रांती घेऊन परत उभी राहिलीस की एकाग्रता जाते." मामाचं म्हणणं, रायफल सेकंडहँड आहे, आता नवी घ्यायला हवी. चांगली इंपोर्टेड मॅच रायफल लाखांत जाते, त्यामुळे मामा एफडी मोडायच्या गोष्टी करत होता. आणि तिने स्वतः मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण 'प्रेशर' घेऊ शकत नाही, या स्पर्धेनंतर सोडून द्यावं.

मी नेमबाज नाही, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. पण 'कधी चालतं, कधी चालत नाही' हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. म्हणून हा लेख. रायफलचा नेम बिघडला तर कारण कसं शोधायचं ते यात आहे, आणि यातली पद्धत रायफलशिवाय इतर कशालाही लागू पडते.

आधी खेळ आणि त्याची मापं

रायफलच्या अचूकतेबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक परदेशी शिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यानंतर शिकारीच्या रायफलचा विषय जवळपास संपला. महाराष्ट्रात आज रायफल म्हटलं की डोळ्यांसमोर खेळ येतो. अंजली भागवत, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे. स्वप्नील तेव्हा मध्य रेल्वेत टीसी होता, आणि त्याचा सराव इथेच, बालेवाडीला व्हायचा.

१० मीटर एअर रायफलमध्ये ४.५ मि.मी. व्यासाचा शिशाचा छर्रा, म्हणजे पेलेट, दाबलेल्या हवेने सुटतो. टार्गेटवरच्या १० गुणांच्या ठिपक्याचा व्यास फक्त अर्धा मि.मी. असतो. पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मि.मी. लांब पडला तर १०.०, अगदी मध्यावर पडला तर १०.९. मधल्या प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल: पाव मि.मी. म्हणजे ०.१ गुण.

६१५ म्हणजे प्रत्येक शॉटला सरासरी १०.२५. ६०४ म्हणजे १०.०७. फरक शॉटमागे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. एवढासा फरक एका मुलीला खेळ सोडायला लावत होता.

पहिला प्रश्न: ग्रुप सरकलाय की पसरलाय?

नेम चुकण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी असतात.

सगळे शॉट्स एकमेकांजवळ, पण मध्यापासून बाजूला पडत असतील तर ग्रुप सरकलेला आहे. यात बहुधा साइट हललेली असते, प्रकाश बदललेला असतो, रायफल एका बाजूला कलती धरली जात असते किंवा उभं राहण्याची दिशा चुकलेली असते. याचा इलाज सोपा: साइटचे क्लिक फिरवायचे किंवा पाय नीट लावायचे.

शॉट्स मध्याभोवतीच पण लांब लांब पडत असतील तर ग्रुप पसरलेला आहे. इथे साइट फिरवून काहीही होत नाही. स्क्रू ढिले असणं, पेलेट वेगवेगळ्या मापाचे असणं, बॅरलमध्ये शिसं साचणं, हवेचा दाब कमीजास्त होणं, किंवा नेमबाजाचा हात, श्वास, ट्रिगर, यांपैकी काहीतरी असतं.

पसरण्याचा आकारही बोलतो. आडवा पसरला तर आधी ट्रिगर आणि उभं राहणं बघा. उभा पसरला तर श्वास, खांद्यावरची पकड आणि पेलेटचा वेग. हे नियम पक्के नाहीत, पण कुठून सुरुवात करायची ते सांगतात.

हिचे शॉट्स उभे पसरत होते.

माझी पहिली चूक: एका संध्याकाळी तीन बदल

कोडमध्ये जी चूक ज्युनियरने केली तर मी ओरडतो, तीच मी केली. रेंजवर गेलो आणि एकाच संध्याकाळी स्टॉकचे स्क्रू आवळले, फेल्टच्या गोळ्या घालून बॅरल साफ केलं आणि पेलेटचा नवा डबा उघडला. पाच शॉट्स मारले. ग्रुप एकदम छान! आम्ही बेडेकरांची मिसळ खाऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी ६० शॉट्स मारले, परत ६०५.

इथे दोन धडे आहेत. पहिला सगळ्यांना माहीत असतो आणि कोणीच पाळत नाही: एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्यावर सुधारलं तरी कशाने ते कळत नाही.

दुसरा धडा पाच शॉट्सबद्दल. रायफल तीच, माणूस तोच, तरी पाच शॉट्सच्या ग्रुपचा आकार निव्वळ योगायोगाने सरासरीच्या पाव हिश्शाएवढा वरखाली होणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे सरासरी ८ मि.मी. असेल तर एक ग्रुप ६ चा, पुढचा १० चा. ६ चा दिसला की आपण म्हणतो 'जमलं', १० चा दिसला की 'आज हात हलतोय'. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. शिवाय सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलं तर शॉट्स वाढतात तसा ग्रुप मोठा दिसतोच. दहा शॉट्सचा ग्रुप पाच शॉट्सच्या ग्रुपपेक्षा सरासरी २४ टक्के मोठा येतो. म्हणून पाचच्या ग्रुपची दहाच्या ग्रुपशी तुलना करू नका. त्यापेक्षा प्रत्येक शॉटचं मध्यापासूनचं अंतर काढून सरासरी घ्या, आणि निदान वीस-तीस शॉट्सशिवाय निष्कर्ष काढू नका.

नवी रायफल घेऊन किती फरक पडेल?

मामा एफडीची पावती शोधत होता तेव्हा मी त्याला कागदावर एक हिशोब करून दाखवला.

रायफलची चूक आणि माणसाची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्ही एकमेकींवर अवलंबून नसतील तर त्यांच्या वर्गांची बेरीज होते, पायथागोरससारखी. समजा नेमबाजाचा पसारा १.५ मि.मी. आणि ठणठणीत मॅच रायफलचा ०.३ मि.मी. दोन्ही मिळून:

१.५ चा वर्ग २.२५, ०.३ चा वर्ग ०.०९, बेरीज २.३४, वर्गमूळ १.५३.

आता रायफल अगदी देवाघरची, शून्य चुकीची आणली तरी पसारा १.५३ वरून १.५० होईल. ६० शॉट्समध्ये मिळून एक गुणसुद्धा वाढणार नाही. धडधाकट रायफल बदलून दुसरी धडधाकट रायफल आणणं हा या पातळीवर जवळपास फुकटचा खर्च.

मात्र या हिशोबात एक अट आहे: रायफल धडधाकट असली पाहिजे. यंत्र बिघडतं, आणि मोठ्या मोठ्यांचं बिघडतं. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर पात्रता फेरीच्या मध्येच बिघडला. दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच मुलीने दोन ब्राँझ जिंकली. त्यामुळे 'तुझ्या मनाचाच दोष' असं तपासण्याआधी म्हणणं आणि 'रायफलच खराब' असं तपासण्याआधी म्हणणं, दोन्ही सारखंच चूक.

क्रमाने तपासणी: स्वस्त आणि सोपं आधी

यानंतर मी वहीत यादी केली आणि रोज एकच गोष्ट तपासली.

१. स्क्रू. स्टॉक आणि बॅरलला जोडणारे, साइट धरून ठेवणारे, बटप्लेटचे. हाताने अंदाजाने आवळण्यापेक्षा टॉर्क रेंच वापरा, आकडा रायफलच्या पुस्तिकेत असतो. कमी आवळणं जितकं वाईट तितकंच जास्त आवळणंही.

२. पेलेट. डोक्याचा व्यास डब्यावर लिहिलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असा. प्रत्येक बॅरलला एखादंच माप मानवतं. शिसं मऊ असल्याने पेलेटच्या मागची कड सहज चेपते, म्हणून डबा पडला असेल तर तो सरावाला ठेवा. ५० मीटरवाले तर कारखान्यातल्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या बॅरलमधून मारून बघतात आणि जमेल तो लॉट उचलतात.

३. बॅरल. फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा. तोंडाशी ओरखडा आहे का बघा, कारण पेलेट शेवटचा स्पर्श तिथेच करतो. लोखंडी सळई घालू नका.

४. साइट आणि डोळा. मागच्या डायॉप्टरचं छिद्र आणि पुढच्या साइटची रिंग योग्य मापाची आहे का? चष्म्याचा नंबर बदललाय का? हे घरच्यांच्या डोक्यात सर्वांत शेवटी येतं.

५. माणूस. यासाठी घरात ड्राय फायर, म्हणजे पेलेट न भरता, ट्रिगर ड्राय फायरवर ठेवून सराव. आमच्या वाड्यातल्या बोळात पाच मीटरवर अर्ध्या आकाराचं टार्गेट लावलं. अंतर निम्मं आणि चित्र निम्मं, त्यामुळे डोळ्याला तसंच दिसतं. ट्रिगर दाबताना साइट हलत नव्हती. (पेठेत गच्चीवर खरे पेलेट मारायचा विचारही करू नका. शेजारची खिडकी हातभर अंतरावर असते.)

पहिल्या चार गोष्टी ठीक निघाल्या, पाचवीही. आता काय?

लॉग वाचा

सर्व्हर मधूनच पडतो तेव्हा आम्ही लॉग बघतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलेल्या रेंजवर असाच लॉग असतो: प्रत्येक शॉटची वेळ आणि त्याची आडवी-उभी जागा. तिच्या सहा मॅचेसचे, म्हणजे ३६० शॉट्सचे आकडे आम्ही स्प्रेडशीटमध्ये घेतले.

आधी शॉट क्रमांकाप्रमाणे लावले. दुसऱ्या निम्म्या भागात पसारा जास्त. सर म्हणाले, "बघा, दमते." मलाही पटलं असतं. पण वेळेचा रकाना होता म्हणून एक वेगळा प्रश्न विचारला: आधीच्या शॉटनंतर किती वेळ गेला होता?

चित्र एकदम स्वच्छ झालं. मिनिटाच्या आत मारलेले शॉट्स जागेवर होते. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबून मारलेले साधारण पन्नास शॉट्स होते. ती मध्ये साइट फिरवत असल्याने मध्यापासूनचं अंतर न घेता मी प्रत्येकाची त्याच्या आधीच्या पाच शॉट्सच्या सरासरीशी तुलना केली. हे पन्नास सरासरी १.२ मि.मी. वर होते. योगायोग असेल? उभा पसारा पावणेदोन मि.मी. आणि शॉट्स पन्नास, तर सरासरीत योगायोगाने येणारी चूक पावणेदोन भागिले पन्नासचं वर्गमूळ, म्हणजे पाव मि.मी. १.२ हे त्याच्या जवळजवळ पाचपट. हा योगायोग नव्हे.

आता दोन स्पष्टीकरणं उरली. एक, सरांचं: थांबल्यावर एकाग्रता जाते. पण एकाग्रता गेली तर शॉट चारी दिशांना जायला हवेत, दर वेळी वरच का? दोन, थांबल्यावर रायफलमध्येच काहीतरी बदलतं.

रेग्युलेटर: गळका नळ

मॅच एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये हवा २०० बारच्या आसपास भरतात. एवढा दाब थेट पेलेटवर सोडला तर सिलिंडर रिकामा होत जाईल तसा प्रत्येक शॉट वेगळा जाईल. म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो, घरच्या गॅसच्या रेग्युलेटरचाच भाऊ. तो पुढच्या छोट्या कप्प्यात ठरावीक, कमी दाबाची हवा भरतो आणि बंद होतो. ट्रिगर दाबला की कप्प्यातली हवा पेलेट ढकलते, कप्पा परत भरतो.

रेग्युलेटरची आतली बैठक झिजली किंवा तिच्यात कचरा अडकला तर तो पूर्ण बंद होत नाही. नळ बंद करूनही थेंब थेंब गळावा तशी हवा कप्प्यात झिरपत राहते. लगेच पुढचा शॉट मारला तर फरक कळत नाही. दोन-तीन मिनिटं थांबलं तर कप्प्यातला दाब वाढतो, पेलेट वेगात सुटतो आणि वर लागतो.

किती वर? हे आठवीच्या गणितात बसतं. १७१ मीटर प्रति सेकंद वेगाने १० मीटर जायला ०.०५८५ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात पेलेट गुरुत्वाकर्षणाने १६.८ मि.मी. खाली येतो. साइट हे धरूनच लावलेली असते. वेग १७८ झाला तर तो फक्त १५.५ मि.मी. खाली येतो. फरक १.३ मि.मी. लॉगमधले १.२ आठवा.

पण गणित जुळणं म्हणजे पुरावा नाही. वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, उसनं आणलं. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, म्हणजे माणूस बाजूला. अर्ध्या मिनिटाच्या अंतराने दहा शॉट्स, मग तीन मिनिटांच्या अंतराने दहा. पहिल्या दहांचा वेग १७१ च्या आसपास, दुसऱ्यांचा १७७ ते १७९. क्रम उलटा करून परत केलं, तेच आलं. बहीण स्क्रीनकडे बघत बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी थांबत होते म्हणून नाही, ती थांबत नव्हती म्हणून."

उरलेले गुण कुठे गेले?

हिशोब अजून पुरा होत नव्हता. मॅचमध्ये असे आठ-दहा शॉट्स, प्रत्येकी जास्तीत जास्त अर्धा गुण, म्हणजे चार-पाच गुण. गेले होते दहा-अकरा. बाकीचे?

ते तिच्या बोटांनी घालवले होते. थांबून मारलेला शॉट वर गेला की ती साइट खाली फिरवायची. पुढचा शॉट लगेच मारायची, तो नेहमीच्या वेगाने जायचा आणि खाली लागायचा. मग साइट वर. प्रत्येक चुकीनंतर तेवढीच दुरुस्ती केली तर पसारा कमी होत नाही, उलट वाढतो. गणिताने तो सुमारे १.४ पट होतो, कारण आता प्रत्येक शॉटमध्ये स्वतःची आणि आधीच्या शॉटची अशा दोन चुका मिसळतात. एका शॉटवरून साइट हलवू नका, निदान तीन-चार शॉट्स एकाच बाजूला गेल्यावरच हलवा. ऑफिसात एका अलर्टवरून सेटिंग बदलणाऱ्यांनीही हे भिंतीवर लावावं.

शेवट

रेग्युलेटर घरी उघडू नका. आत काही दिवाळीचा फटाका नाही, २०० बारची हवा आहे. आम्ही रायफल सर्व्हिसला पाठवली, बैठक आणि ओ-रिंग बदलल्या, खर्च काही हजारांत आटोपला. जाता जाता सिलिंडरवरची तारीखही बघितली. त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची असते, मुदत संपलेला सिलिंडर वापरणं धोक्याचं, आणि स्पर्धेतही चालत नाही.

परत आल्यावर आधी क्रोनोग्राफ लावला, तीन मिनिटं थांबूनही १७१. मगच मॅच.

राज्य स्पर्धेत तिने ६१३ मारले. पदक नाही. शेवटच्या दहांत हात थरथरला, आणि ते तिने स्वतः कबूल केलं. आता थरथर कुणाची हे तिला माहीत होतं, म्हणून त्यावर काम करता येतंय. एफडी जागेवर आहे. सर आता दर महिन्याला सगळ्या पोरांच्या रायफली क्रोनोग्राफवर लावतात. आणि लॉगमधला वेळेचा रकाना कोणी पुसायला निघालं तर बहीण त्याला पुसू देत नाही.